धक्क्याचं भाडं

आमच्या खाडीवरच्या धक्क्याला भाडं नव्हतं. कुणीही यावं, बोट लावावी, हवी तितके दिवस ठेवावी. ऐकायला हे छान वाटतं. प्रत्यक्षात काय व्हायचं ते सांगते. धक्क्याच्या टोकाला, जिथे सुकतीला, म्हणजे ओहोटीलाही, बऱ्यापैकी पाणी राहतं, तिथे मोठ्या इंजिनाच्या चार-दोन बोटी ठाण मांडून असायच्या. कुणाचं इंजिन खोललेलं, कुणाची जाळी पसरलेली, डिझेलची पिंपं आडवी पडलेली. पहाटे पाण्यावर जाऊन आलेल्या लहान होडीला मात्र धक्का शिवायलाही मिळायचा नाही. ती त्या बोटींच्या बाहेरच्या अंगाला दोर टाकायची आणि मासळीच्या पाट्या दोन-दोन बोटींच्या कठड्यांवरून हातोहात वर यायच्या. पावसाळी हवेत त्यातली एखादी पाटी पाण्यात जायची. फुकटची जागा दांडग्याची होते. माझं ठाम मत आहे की आमच्या धक्क्याची दशा समुद्राने केली त्यापेक्षा जास्त ह्या फुकटेपणाने केली.

मी स्वतः पाण्यावर जाणारी नव्हे. सासरे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते, दीर अजून जातो. मी बँकेत नोकरी केली आणि निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा मच्छीमार सोसायटीच्या लोकांनी हिशेबाच्या वह्या आणून पडवीत ठेवल्या. त्या वह्यांमधून मी धक्क्यापर्यंत पोचले. वह्यांत बर्फाचा खर्च होता, डिझेलचा होता, सत्यनारायणाच्या पूजेचा होता. धक्क्याच्या दुरुस्तीच्या नावाने एकही ओळ नव्हती. धक्का सरकारचा, तर दुरुस्तीही सरकारची, अशी सगळ्यांची समजूत. आणि सरकारी मंजुरी यायची ती एकदम नव्या बांधकामाची. मधल्या पंचवीस-तीस वर्षांत एक बिजागरी बदलायची, एक दिवा लावायचा, एक पायरी सांधायची, तर पैसा कुठून काढणार?

हे सगळीकडचंच दुखणं आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अठ्ठेचाळीस लहान बंदरं कागदावर आहेत आणि १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या मेरीटाईम बोर्डाच्या, अखत्यारीत ती येतात. ह्यातल्या कितीतरी ठिकाणी एके काळी आगबोट थांबायची. चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला बोटीने यायचे, पडावातून किनाऱ्याला लागायचे, आणि बंदरावर हमाल, खानावळी, वखारी ह्यांचं एक जग होतं. मग आगबोट बंद झाली, रस्ते सुधारले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि गावांनी समुद्राकडे पाठ केली. मागे राहिले ते मासे मारणारे. बंदराची गरज त्यांनाच होती, पण बंदरासाठी भांडण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

त्यात गाळ. राजापूर बघा. सतराव्या शतकात इंग्रजांनी तिथे वखार घातली ती गलबतं वरपर्यंत येत म्हणून. खारेपाटणही जुनं बंदर. आज ह्या दोन्ही गावांतून जाताना इथे कधी समुद्रावरची जहाजं लागत असतील ह्यावर नव्या मुलांचा विश्वास बसत नाही. सह्याद्री आणि समुद्र ह्यांच्यातलं अंतर इतकं कमी की तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तो डोंगराची माती घेऊन थेट खाडीत उतरतो. जंगलतोड आणि चिरेखाणी वाढल्या तशी ती मातीही वाढली. आमच्याकडे त्यात आणखी एक भर पडली. जुना धक्का भरीव भिंतीचा. खाडीचं पाणी ज्या वाटेने खेळायचं ती वाटच त्याने अडवली. पाणी मंदावलं की त्यातला गाळ खाली बसतो, एवढं साधं आहे. भिंतीच्या आतल्या बाजूला चिखल साठत गेला आणि तिथे आता तिवरं, म्हणजे खारफुटी, उभी आहेत. तिवरांना हात लावता येत नाही आणि लावूही नये, खाडीतल्या कोळंबीचं आणि माशांच्या पिल्लांचं पाळणाघर तेच आहे. म्हणजे धक्क्याची ती बाजू कायमची गेली.

उरलेल्या बाजूची अवस्था मी एका सुकतीला नीट, पायरी-पायरीने बघितली. वरच्या दोन पायऱ्या कोरड्या आणि शाबूत. त्याखाली, भरतीला बुडणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात, काँक्रीट फुगून फुटलेलं. आत खारं पाणी शिरलं की लोखंडी सळ्या गंजतात, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो आतून काँक्रीटला ढकलून बाहेर फेकतो. सळ्या उघड्या पडल्या होत्या, बोटाने चोळलं तर पापुद्रे निघत. त्याच्याही खाली शेवाळ आणि कालवं. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या. ह्या पायऱ्यांवरून आमच्या बायका डोक्यावर ओली पाटी घेऊन, अनवाणी, अंधारात वर येत होत्या. आमच्या वाडीत पायाला टाके नसलेली मासळीवाली शोधावी लागेल.

दुरुस्ती कशी करायची ह्यावर फारसं भांडण झालं नाही. खोल पाण्याच्या बाजूला तरता धक्का घालायचा, पॉन्टून, हे लवकर ठरलं. आमच्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत दोन-अडीच मीटरचा फरक पडतो. पक्क्या धक्क्याला भरतीला आखडून बांधलेली बोट सुकतीला दोरावर लटकते, सैल बांधली तर पुन्हा भरतीला इकडे-तिकडे आपटते. म्हणून जुने तांडेल तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचे. अष्टमीला सहाचा सुमार, पुनवेला अकरा-सव्वाअकरा. आणि त्या बेताने रात्री उठून दोर सैल करायला यायचे. तरता धक्का पाण्याबरोबर चढतो-उतरतो, त्यामुळे बोटीचा दोर आहे तसाच राहतो. रात्रीची झोप वाचते. खांबांना कड्यांनी अडकवलेला असल्याने तो वाहून जात नाही, आणि खालून पाणी मोकळं वाहत असल्याने भिंतीइतका गाळही धरत नाही. पैसे काही योजनेतून आले, काही सोसायटीच्या ठेवीतून, काही गावाच्या मुंबई मंडळाकडून. परवानग्यांची कथा लांबलचक आहे, ती इथे नको.

खरं भांडण पेटलं ते भाड्यावर.

पहिल्याच बैठकीत एक जण उभा राहिला. ‘‘सरकारची जेटी, सरकारचा पाणी. ह्या भाडा आमी कित्याक देवचा?’’ टाळ्या पडल्या. मला त्या माणसाचा राग आला नाही. ज्याने आयुष्यभर फुकट बोट लावली त्याला भाडं हा दंडच वाटणार. पण त्याच बैठकीत मागच्या भिंतीला टेकून लहान होड्यांवाले बसले होते आणि त्यांच्यातल्या कुणी टाळी वाजवली नाही. त्यांना पुढचं दिसत होतं. भाडं नसेल तर नव्या धक्क्यावरही त्याच चार बोटी येऊन बसणार. भाडं भरलं की त्यांच्या हातात पावती येणार, पावतीवर जागेचा नंबर असणार, आणि त्या नंबरावर दुसरा कुणी उभा असेल तर त्याला ‘काढ’ म्हणण्याचा हक्क असणार. लहान माणसाला भाडं परवडत नाही असं मोठी माणसं त्याच्या वतीने सांगतात. त्याला विचारलं तर तो म्हणतो, किती ते सांगा.

तर किती? सुरुवातीला सोपा तोडगा निघाला, बोटीच्या लांबीप्रमाणे. फुटाला अमुक रुपये. जगभरच्या मरीनांमध्ये, म्हणजे हौशी बोटी लावायच्या बंदरांमध्ये, असंच असतं, असं आमच्या एका मुंबईच्या पोराने सांगितलं आणि ते खरंही आहे. पण मी वही घेऊन बसले. वीस फुटी होडीची रुंदी साधारण सहा फूट. चाळीस फुटी बोटीची चौदा फूट. होडी एकशेवीस चौरस फूट पाणी व्यापते, बोट पाचशेसाठ. लांबी दुप्पट, पण जागा साडेचारपटीहून जास्त. सगळ्यांना फुटाचा एकच दर लावला तर मोठ्या बोटीने दुप्पट पैसे देऊन साडेचारपट जागा घेतली. उरलेल्याचा भार कुणावर? लहान होड्यांवर. हिशेब नीट धरला तर मोठ्या बोटीचा फुटाचा दर लहान होडीच्या सव्वादोनपटीच्या पुढे जातो. शिवाय मोठ्या बोटीला पाणी खोल लागतं, म्हणजे गाळ तिच्यासाठी काढायचा, आणि तरत्या धक्क्याला धक्का बसला तर तोही तिचाच जड. हे सगळं मी बैठकीत मांडलं, फळ्यावर खडूने चौकोन काढून. मोठ्या बोटींचे मालक गप्प बसले नाहीत. त्यांच्यातल्या एकाने रास्त मुद्दा काढला: आमच्या बोटीवर आठ-दहा खलाशी पोसले जातात, ते याच वाडीतले आहेत. हे मान्य करून आम्ही टप्पे पाडले आणि वरच्या टप्प्याचा दर दुपटीवर थांबवला. सव्वादोन हे गणित होतं, दोन हे गावात नांदायचं म्हणून.

दुसरी गोष्ट, जिच्याकडे दर ठरवताना कुणाचं लक्षच जात नाही: माल चढवायची-उतरवायची जागा वेगळी आणि बोट उभी करून ठेवायची जागा वेगळी. मासळी उतरवायला, बर्फ-डिझेल भरायला जी जागा, ती कुणाच्याच मालकीची नाही आणि तिथे पहिले दोन तास कुणालाच पैसे नाहीत. दोन तासांनंतर मात्र दर चढत जातो, आणि जाचक वाटावा इतका चढतो. त्यातून उत्पन्न यावं अशी अपेक्षाच नाही. पुढच्या बोटीला जागा मोकळी व्हावी एवढंच हवं आहे. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटींचं आणखी निराळं. त्या दिवसातून दहा वेळा लागतात आणि पाच-पाच मिनिटं थांबतात. त्यांना लांबीचं गणित लावणं चूक, त्यांच्याकडून माणशी घ्यायचं. मालवण-तारकर्लीकडे ह्या धंद्याने घरंच्या घरं उभी राहिली आहेत, मला त्याचा आनंदच आहे. पण पर्यटक ज्या पायरीवरून उतरतो ती पायरी मासळीवालीच्या पायाखालचीही असते.

आणि तिच्यावरून आठवलं. दरपत्रकाचा कच्चा खर्डा सोसायटीच्या दारावर लावला होता, हरकती मागवायला. त्या संध्याकाळी तीन बायका माझ्या अंगणात आल्या. त्यातली एक, माझ्या सासूच्या वयाची, उभ्याउभ्याच म्हणाली, ‘‘काकीनू, कागदार सगळ्या बोटींची नावां आसत. आमचा नाव खंय आसा?’’ मी वाचायला घेतलं. यांत्रिक नौका, बिगरयांत्रिक नौका, पर्यटन नौका, बाहेरून येणारी नौका. ज्यांच्याकडे बोट नाही त्यांच्यासाठी ओळच नव्हती. धक्क्यावर बसून मासळी विकणाऱ्या, लिलावात पाटी घेणाऱ्या, सुकतीला खडकावरची कालवं काढणाऱ्या, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या वेचणाऱ्या बायका धक्का सगळ्यांत जास्त तास वापरतात. समितीत त्यांच्यातली एकही नव्हती.

त्यांनी मागितलं काय, तर सावली, गोड्या पाण्याचा नळ, आणि खाली उतरणारी शिडी लांब करा. शिडीचं मला लगेच कळलं नाही, म्हणून त्यांनी दाखवलं. तरत्या धक्क्यावर उतरायला जी बिजागरीची शिडी असते ती भरतीला जवळपास आडवी असते आणि सुकतीला तिला उतार येतो. आराखड्यात ती दहा मीटरची होती. अडीच मीटर खाली गेलं की चारास एक उतार. हातात काही नसेल तर त्यावरून चढता येतं. डोक्यावर वीस-पंचवीस किलोची, पाणी गळणारी पाटी असली तर मान मागे जाते आणि तोल सुटतो. पंधरा मीटरची शिडी केली तर तोच उतार सहास एक होतो. इंजिनिअरने नंतर मान्य केलं की हे त्याला आधी सुचायला हवं होतं. शिडी वाढली, खर्च वाढला, आणि तो भाड्यात घालायला एकाही बोटवाल्याने विरोध केला नाही, कारण त्यातल्या निम्म्यांची आई किंवा बायको त्याच शिडीवरून चढणार होती. बायकांनी स्वतःहून बसायच्या जागेचे रोजचे थोडे पैसे देऊ केले. पावती मात्र आपल्या नावाची हवी, नवऱ्याच्या नाही, ही त्यांची अट. ती मी अक्षरशः तशीच लिहून घेतली.

भाडं कधी घ्यायचं ह्यालाही न्याय-अन्याय असतो. सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होतं. एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. म्हणजे एप्रिलमध्ये वर्षाचं भाडं मागितलं तर बंदीच्या तोंडावर, आणि ऑगस्टमध्ये मागितलं तर बंदी उठल्यावर, जेव्हा घरातला पैसा होडीची डागडुजी, जाळी आणि डिझेल ह्यांत संपलेला असतो. आमचं वर्ष नारळी पुनवेपासून धरलंय. पहिला हप्ता दिवाळीला, दुसरा शिमग्याला. पुनवेनंतरचे महिने चांगल्या मासळीचे असतात, हातात रोकड असते. पावसात होड्या वर काढून नारळाच्या झापांनी शाकारलेल्या असतात, तेव्हाचं भाडं नाही. ह्याचा अर्थ बारा महिन्यांचा खर्च नऊ-साडेनऊ महिन्यांच्या भाड्यातून भागवायचा, आणि हे आधीच गणितात धरायला हवं. त्याचप्रमाणे तीस जागा असल्या आणि सरासरी वीसच भरल्या, तर खर्चाला तीसने भागून काढलेला दर एक तृतीयांश खर्च उघडा ठेवतो. पहिल्या वर्षी दर कमी ठेवून लोकांना खूश करायचं आणि चौथ्या वर्षी गाळ काढायला पैसे नाहीत म्हणून सरकारकडे अर्ज करायचा, हे चक्र मला मोडायचं होतं. म्हणून प्रत्येक पावतीतला ठरावीक हिस्सा गाळाच्या वेगळ्या खात्यात जातो, आणि त्या खात्याच्या तीन सह्यांपैकी एक मासळीवाल्या बायकांच्या प्रतिनिधीची आहे.

एका कलमावर मात्र चर्चाच झाली नाही. आमच्या वाडीतले सर्वांत वयस्क तांडेल, ज्यांना आता ऐकू कमी येतं, सगळं वाचून झाल्यावर एवढंच म्हणाले, ‘‘वादळात इलेल्या बोटीक भाडा इचारूचा नाय.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांतली माणसं परत आली नाहीत. तौक्ते आलं ते २०२१ च्या मे महिन्यात. हवा बिघडली की देवगडच्या बंदरात गुजरातपासूनच्या बोटी आसऱ्याला येऊन उभ्या राहतात, आणि देवगडकर त्यांना जागा देतात. आमचा धक्का तेवढा मोठा नाही. पण वादळाच्या बावट्याचा इशारा असेपर्यंत आलेल्या कुठल्याही बोटीला, कुठल्याही गावच्या, कुठल्याही राज्याच्या, पैसे नाहीत आणि परतही पाठवायचं नाही, हे दरपत्रकात सर्वांत वर लिहिलंय.

आणखी एक कलम माझ्या आग्रहाने घातलं गेलं. जागा बोटीच्या नावावर, माणसाच्या नाही. बोट विकली की जागा सोसायटीकडे परत, आणि प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला. मुंबईत पागडीने काय केलं ते आम्ही चाकरमान्यांच्या घरांतल्यांनी पाहिलंय. आज पाचशे रुपये भाड्याची जागा उद्या आतल्या आत लाखाला विकली जाऊ लागली तर रास्त दर ठरवून उपयोग काय? प्रतीक्षा यादी फळ्यावर लिहिलेली असते, खडूने, सगळ्यांना दिसेल अशी. वशिला लावायला आलेल्या माणसाला मी फळ्याकडे बोट दाखवते. तिथे त्याच्या वर कुणाचं नाव आहे ते त्याला दिसतं, आणि बहुतेक वेळा ते नाव त्याच्या ओळखीचं असतं.

पहिला हंगाम ह्या दरांवर पार पडला. दोन बोटी रागाने दुसऱ्या बंदरात गेल्या, त्यातली एक परत आली. दोन्ही हप्ते बहुतेकांनी दिले, ज्यांचे राहिले त्यांची कारणं खरी होती आणि त्यांना मुदत दिली. तरत्या धक्क्याची एक बिजागरी वाकली होती ती आठवड्याच्या आत बदलली. आठवडा! तेही कुणाला अर्ज न करता.

एक प्रश्न राहिलाय. पलीकडच्या काठावरच्या गावाला धक्का नाही. तिथल्या होड्या आमच्याकडे येतात आणि सध्या त्यांना बाहेरच्यांचा, म्हणजे दीडपट दर पडतो. आमच्या वाडीतल्या पुष्कळांना हे योग्य वाटतं, कारण ठेव आमच्या सोसायटीची होती. मला ते पटत नाही. त्या होड्यांची मासळी आमच्याच धक्क्यावर लिलावाला लागते, त्यावर आमच्याच बायका पोट भरतात, आणि खाडी एकच आहे. ठेवीचा मुद्दा असेल तर त्यांनी प्रवेश फी एकदा भरावी आणि पुढे दर समान असावा, असा ठराव मी लिहून ठेवलाय. नारळी पुनवेच्या आदल्या रविवारी बैठक आहे. सूचक मी आहे. अनुमोदन द्यायला अजून कुणी तयार झालेलं नाही, म्हणून ह्या आठवड्यात घरोघर जाणार आहे, सुरुवात त्या तीन बायकांच्या घरापासून.